लघवीच्या गोळीपासून मायलोमापर्यंत

अमिलोराइड हे औषध आता साठीला आलं आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या मर्क शार्प अँड डोम या कंपनीत एडवर्ड क्रॅगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केलं. काम साधं: लघवी वाढवायची, अंगातलं जादा मीठ-पाणी बाहेर काढायचं, पण पोटॅशियम मात्र वाया जाऊ द्यायचं नाही. आपल्याकडे ते एकटं क्वचितच लिहून दिलं जातं. फ्युरोसेमाइडबरोबर फ्रुमिल आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडबरोबर बायड्युरेट या नावांनी ते अनेक घरांत येऊन गेलं आहे. पायांना सूज, थकलेलं हृदय, चढता रक्तदाब अशा तक्रारींसाठी घ्यायची ही गोळी. तिच्याबद्दल कुणी लेख लिहावा असं तिच्यात काही नव्हतं.

2017 साली 'क्लिनिकल कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात स्पेनमधल्या सालामांका इथल्या नॉर्मा गुतिएरेझ यांच्या गटाचा शोधनिबंध आला आणि चित्र थोडं बदललं. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी अमिलोराइडमुळे मरतात, असं त्यांना आढळलं होतं. तेव्हापासून 'जुनं औषध, नवा उपयोग' या सदरात अमिलोराइडचं नाव अधूनमधून निघतं. रुग्णांच्या नातेवाइकांना ते कुठून तरी कळतं आणि मग ओपीडीत प्रश्न येतो: डॉक्टर, ही गोळी आमच्याकडे आहेच, सुरू करू का?

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं. पण ते उत्तर तसं का, हे समजून घ्यायला हा सगळा विषयच उलगडून पाहावा लागतो.

मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा आजार आहे. एरवी या पेशी जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं बनवतात. मायलोमात त्यांचीच एक फौज माजते, एकाच साच्याचं निरुपयोगी प्रथिन रक्तात ओतत राहते, हाडं पोखरते, हिमोग्लोबिन उतरवते आणि मूत्रपिंडांना जेरीस आणते. सगळ्या कर्करोगांत याचा वाटा 1 ते 2 टक्के, रक्ताच्या कर्करोगांत साधारण दहावा. 2020 मध्ये जगभरात सुमारे 1,76,000 नवे रुग्ण नोंदले गेले. आपल्याकडे कंबरदुखी म्हणून महिनोन्‌महिने मलमं चोळली जातात, मणका खचतो आणि मग एक्स-रे आणि रक्त तपासल्यावर निदान होतं. हे चित्र रक्तविकारतज्ज्ञांना चांगलंच परिचयाचं आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत या आजारावरचे उपचार फार पुढे गेले. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड, पोमॅलिडोमाइड, डॅराट्युमुमॅब, शिवाय रुग्णाच्याच मूलपेशींचं प्रत्यारोपण. तरीही बहुतेकांमध्ये आजार परततो, आणि दर वेळी आधीपेक्षा हट्टी होऊन परततो. ज्यांच्या पेशींत 17 व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळलेला असतो त्यांचं तर विशेष अवघड. निदानाच्या वेळी साधारण दहातल्या एका रुग्णात असं आढळतं. त्या तुकड्यावर पी53 या प्रथिनाचं जनुक असतं. बिघडलेल्या पेशीला थांबवणारं, नाहीच ऐकलं तर मरायला लावणारं हे प्रथिन. ते गेलं की पुष्कळ औषधांची अर्धी ताकद जाते. सालामांकाच्या गटाची नजर नेमकी याच रुग्णांवर होती.

त्यांनी काय पाहिलं? मायलोमाच्या पेशींच्या अनेक वाणांवर, रुग्णांकडून घेतलेल्या पेशींवर आणि मायलोमाची गाठ वाढवलेल्या उंदरांवर अमिलोराइड वापरून पाहिलं. पेशी मेल्या. ज्यांच्यात पी53 अजिबात नव्हतं त्या पेशीही मेल्या, आणि हीच यातली खरी बातमी होती. डेक्सामेथासोन, मेल्फलान, लेनालिडोमाइड आणि पोमॅलिडोमाइड या औषधांपैकी एकेकाबरोबर दिल्यावर दोन्ही औषधांच्या बेरजेपेक्षा जास्त परिणाम दिसला. उंदरांना लक्षणीय विषबाधा झाली नाही.

लघवीची गोळी पेशी कशी मारते? याचं उत्तर मूत्रपिंडात नाही, पेशीच्या केंद्रकात आहे. जनुकावरून आधी एक लांबलचक प्रत निघते. तिच्यात कामाचे आणि बिनकामाचे तुकडे मिसळलेले असतात. सिनेमाच्या संपादकानं चित्रीकरणातले नको ते भाग कापून उरलेले जोडावेत, तसं पेशीतलं एक यंत्र बिनकामाचे तुकडे काढून कामाचे जोडतं. याला स्प्लायसिंग म्हणतात. जोडणी बदलली की त्याच जनुकातून वेगळं प्रथिन बनतं. कर्करोगाच्या पेशी ही सोय वापरून घेतात आणि मरण टाळणारी रूपं पसंत करतात. अमिलोराइड या जोडणीत ढवळाढवळ करतं, हे तैवानमधल्या संशोधकांनी 2011 साली यकृताच्या कर्करोगाच्या पेशींवर दाखवलं होतं. सालामांकाच्या गटानं मायलोमात तेच अधिक खोलवर पाहिलं: आरएनएची क्रमवारी वाचल्यावर हजारो प्रतींची रूपं बदललेली आणि जोडणी करणाऱ्या यंत्राचीच घडी विस्कटलेली दिसली.

प्लाझ्मा पेशीवरच हा घाव इतका का बसावा, याचा तर्कही सुसंगत आहे. ही पेशी म्हणजे प्रथिनं बनवण्याचा अहोरात्र चालणारा कारखाना. जोडणी बिघडली, चुकीची प्रथिनं साचू लागली, तर शरीरातल्या इतर कुठल्याही पेशीआधी ती कोसळणार. बोर्टेझोमिब याच दुबळेपणाचा वेगळ्या दारानं फायदा घेतं.

इथवर सगळं ठीक. शोधनिबंध नेटका आहे, दावा मर्यादित आहे आणि लेखकांनी 'पर्यायी उपचार म्हणून विचार व्हावा' याच्या पुढे जाऊन काही म्हटलेलं नाही. गडबड होते ती पुढच्या पायरीवर, बातम्यांत आणि व्हॉट्सअॅपवर. या सगळ्या प्रकरणाचा गाभा ज्या आकड्यात आहे, तो आकडाच तिथं सांगितला जात नाही.

तो आकडा औषधाच्या प्रमाणाचा. अमिलोराइडची नेहमीची मात्रा दिवसाला 5 ते 10 मिलिग्रॅम. 20 मिलिग्रॅम दिलं तरी रक्तातली सर्वोच्च पातळी दर मिलिलिटरला 40 ते 50 नॅनोग्रॅमच्या आसपास जाते. रसायनशास्त्राच्या मापात हे पाव मायक्रोमोलहूनही कमी. मूत्रपिंडातल्या सोडियमच्या वाटा बंद करायला एवढं पुरतं, कारण त्या वाटा अमिलोराइडला फार संवेदनशील आहेत. शिवाय मूत्रपिंड हे औषध रक्तातून उचलून थेट नलिकेत सोडतं, त्यामुळे तिथं ते आपोआप दाट होतं. निम्मं औषध जसंच्या तसं लघवीतून निघून जातं. अस्थिमज्जेला अशी सवलत नाही. तिच्या वाट्याला रक्तात जेवढं आहे तेवढंच येणार. आणि कर्करोगाच्या पेशींवर जे परिणाम दिसतात ते सामान्यतः शंभर मायक्रोमोल आणि त्याच्या वरच्या पातळीला. म्हणजे काचेच्या बशीतली पातळी आणि माणसाच्या रक्तातली पातळी यांत काही शेकडो पट अंतर आहे.

मग मात्रा वाढवावी, हे साधं उत्तर. ते अडतं पोटॅशियमपाशी. अमिलोराइड पोटॅशियम राखून ठेवतं. पोटॅशियम रक्तात वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. निरोगी मूत्रपिंड असलेल्या माणसातही मात्रा फार ताणता येत नाही. मायलोमाच्या रुग्णात तर मूत्रपिंडं अनेकदा आधीच कमजोर असतात. निदानाच्या वेळीच मोठ्या संख्येनं रुग्णांचं क्रिएटिनिन चढलेलं असतं. मूत्रपिंड बिघडलेल्यांना अमिलोराइड देऊ नये, हे त्याच्या माहितीपत्रकात पहिल्यापासून लिहिलेलं आहे. थोडक्यात, ज्या आजारासाठी हे औषध सुचवलं जातं, तोच आजार ते देण्याच्या आड येतो. मला या विषयातला सगळ्यात बोचरा भाग हाच वाटतो, आणि उत्साहानं लिहिलेल्या मजकुरात तो तळटीपेतही सापडत नाही.

इतर लघवीच्या गोळ्यांबद्दलही इथंच सांगून टाकलेलं बरं. मायलोमात रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं आणि थायाझाइड गटातली औषधं ते लघवीवाटे जाऊ देत नाहीत, म्हणजे आगीत तेल. फ्युरोसेमाइडचा प्रश्न वेगळा. मायलोमाच्या प्रथिनांचे तुकडे मूत्रपिंडाच्या नलिकेत तिथल्याच एका प्रथिनाला चिकटून गाठोळी बनवतात आणि नळी तुंबते. उंदरांवरच्या प्रयोगांत फ्युरोसेमाइडनं हे तुंबणं वाढलेलं दिसलं आहे. म्हणून मायलोमात लघवीची गोळी ही डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घ्यायची गोष्ट नाही; कर्करोगाचा प्रश्न तर त्याच्या नंतरचा.

अमिलोराइड एकटंच या रांगेत उभं नाही. स्पायरोनोलॅक्टोन हेही पोटॅशियम राखणारं, हृदयाच्या आणि यकृताच्या रुग्णांना सर्रास दिलं जाणारं औषध. ते पेशीतलं एक्सपीबी नावाचं प्रथिन नष्ट करतं. डीएनएला झालेली इजा दुरुस्त करणाऱ्या टोळीतलं हे प्रथिन. मेल्फलानसारखी औषधं डीएनएला इजा करूनच पेशी मारतात आणि चिवट मायलोमा पेशी ती इजा दुरुस्त करून घेतात. दुरुस्तीच बंद पाडली तर? 2018 साली 'ल्युकेमिया' या नियतकालिकात आलेल्या कामात हाच विचार तपासला गेला आणि स्पायरोनोलॅक्टोननं मायलोमाच्या पेशी मेल्फलानला पुन्हा बळी पडू लागल्या. कल्पना देखणी आहे. पण इथंही पेशींवर वापरलेलं प्रमाण आणि गोळीनं रक्तात येणारं प्रमाण यांचा मेळ बसवणं बाकीच आहे.

तिसरं नाव इथॅक्रिनिक ॲसिड. आज ते फारसं वापरात नाही. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या पेशींवर ते निवडकपणे घातक ठरतं, असं 2009 साली दाखवलं गेलं. त्याच्याही आधी, 1990 च्या सुमारास, किमोथेरपीला न जुमानणाऱ्या गाठींत किमोची धार वाढवण्यासाठी ते माणसांना देऊन पाहिलं होतं. पण लघवीचं प्रमाण आणि क्षारांची घसरण यांनीच मात्रेला मर्यादा घातली. औषध ज्या कामासाठी बनवलं त्याच कामानं नव्या कामाची वाट अडवली. अमिलोराइडचं दुखणं तेच आहे, फक्त क्षार उलट दिशेला जातो.

मायलोमाचा इतिहास या बाबतीत फार शिकवणारा आहे. 1947 साली स्वीडनमधल्या निल्स आल्वाल यांनी युरेथेन हे औषध मायलोमात उपयोगी पडतं, असं लिहिलं. पुढं वीसएक वर्षं डॉक्टर ते देत राहिले. रुग्ण ते पीत राहिले. मळमळत असे, पण उपाय आहे या भरवशावर पीत. अखेर 1966 मध्ये 83 रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. काहींना युरेथेन, काहींना चेरी आणि कोलाच्या चवीचं सरबत. युरेथेन घेणाऱ्यांना सरबत पिणाऱ्यांपेक्षा काहीही फायदा झाला नाही. वीस वर्षांचा भरवसा एका सरबतानं मोडला.

याच्या उलट थॅलिडोमाइड. 1957 मध्ये झोपेची गोळी म्हणून आलेलं, गर्भांवर भयंकर परिणाम करून 1961 मध्ये बाजारातून हाकललं गेलेलं. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या आर्कान्सा इथं बार्ट बार्लोगी यांच्या केंद्रात ते मायलोमाच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं, तेही एका रुग्णाच्या पत्नीनं केलेल्या पाठपुराव्यामुळे. 1999 साली सीमा सिंघल आणि सहकाऱ्यांनी 84 रुग्णांचे निकाल छापले. इतर सगळे उपाय थकलेल्या या रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांशांना फायदा झाला होता. ते कसं काम करतं हे तेव्हा नीट माहीतही नव्हतं. सेरेब्लॉन या प्रथिनाशी ते जोडलं जातं, हा उलगडा 2010 साली जपानमध्ये झाला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की अमिलोराइडची जागा कळते. थॅलिडोमाइडच्या बाबतीत कार्यपद्धतीचं स्पष्टीकरण नव्हतं, पण नेहमी देता येईल अशा मात्रेत रुग्ण सुधारताना दिसत होते. अमिलोराइडच्या बाबतीत स्पष्टीकरण सुरेख आहे; रुग्ण सुधारल्याचा भक्कम पुरावा नाही. औषधशास्त्रात या दोनांपैकी कुठल्या बाजूनं सुरुवात झालेली बरी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

स्पेनमधलंच आणखी एक उदाहरण. क्लॅरिथ्रोमायसिन हे साधं अँटिबायोटिक लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोनच्या जोडीला दिलं तर मायलोमात फायदा होतो, असं लहान अभ्यासांत वाटत होतं. स्पेनच्या मायलोमा गटानं प्रत्यारोपण न झेपणाऱ्या 286 नव्या रुग्णांवर मोठी चाचणी केली. 2021 मध्ये छापलेला निकाल असा: आजाराचा प्रतिसाद खोल दिसला, पण आजार दूर राहण्याचा काळ वाढला नाही, आणि वयस्कर रुग्णांत संसर्गानं होणारे मृत्यू वाढले. कारण साधं होतं. क्लॅरिथ्रोमायसिन शरीरातलं स्टेरॉइड लवकर निचरू देत नाही, म्हणून डेक्सामेथासोनची मात्रा न वाढवताही वाढल्यासारखी होत होती. निरुपद्रवी वाटणारी गोळी जोडीला घेतली तर काय बिघडणार, या विचाराला याहून चोख उत्तर मला ठाऊक नाही.

जोडणी बिघडवणं या कल्पनेचीच किंमतही लक्षात घ्यायला हवी. याच यंत्रावर नेमका घाव घालणारी नवी औषधं कंपन्यांनी बनवली. त्यांतल्या ई7107 या औषधाच्या सुरुवातीच्या चाचणीत रुग्णांची दृष्टी गेल्याच्या घटना घडल्या आणि ते थांबवावं लागलं. त्यानंतरच्या एच3बी-8800 नं रक्ताच्या इतर आजारांत सुरुवातीच्या चाचणीत अपेक्षित प्रतिसाद दिला नाही. म्हणजे अमिलोराइडची पातळी उद्या समजा अस्थिमज्जेत हवी तेवढी पोचवता आली, तरी पुढचा रस्ता मोकळा आहे असं नाही.

मग हे काम वाया गेलं का? मुळीच नाही. अमिलोराइडचा रेणू हा एक आराखडा आहे. त्यात फेरफार करून मूत्रपिंडाला शिवणार नाहीत, पण पेशीत शिरून जोडणीवर काम करतील अशी नवी संयुगं बनवता येतात. क्रॅगो यांनीच अमिलोराइडची अनेक भावंडं बनवून ठेवली होती आणि कर्करोगाच्या संशोधकांनी त्यांतली काही हाताळून पाहिली आहेत. मला आशा वाटते ती या दिशेकडून, दुकानातल्या गोळीकडून नाही. अर्थात तसं नवं संयुग म्हणजे नवं औषध. ते स्वस्त नसेल आणि जुनंही नसेल. 'जुनं, स्वस्त, सुरक्षित' या तीन विशेषणांवरच सगळी उत्सुकता उभी असते, आणि खरा मार्ग या तिन्हींना सोडून जातो.

स्वस्ताईचा मुद्दा मात्र आपल्यासाठी हलका नाही. लेनालिडोमाइड आणि बोर्टेझोमिबच्या भारतीय कंपन्यांनी बनवलेल्या गोळ्या-इंजेक्शनांमुळे मायलोमाचा उपचार इथं पुष्कळ आवाक्यात आला. पण आजार परतल्यावर लागणारी नवी औषधं आजही बहुतेक घरांना परवडत नाहीत. अशा वेळी काही रुपयांच्या गोळीबद्दल ऐकून कुणाचे कान टवकारले, तर त्याला दोष देता येत नाही. दोष असेल तर व्यवस्थेत आहे. पेटंट संपलेल्या औषधाची मोठी चाचणी करायला कुठलीच कंपनी पैसे घालत नाही, कारण निकाल चांगला आला तरी नफा तिचा नसतो. मग अशी औषधं वर्षानुवर्षं 'आशादायक' राहतात. ती सिद्धही होत नाहीत आणि बादही होत नाहीत.

हे असंच व्हायला हवं असं नाही, हे मुंबईनंच दाखवलं आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयानं, म्हणजे अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीतल्या संस्थेनं, तोंडाच्या आणि घशाच्या बळावलेल्या कर्करोगात मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या दोन जुन्या गोळ्या सिसप्लॅटिनच्या इंजेक्शनाशी थेट तोलून पाहिल्या. 422 रुग्ण. 2020 साली निकाल आला: गोळ्या घेणाऱ्यांचा जगण्याचा मध्यक काळ साडेसात महिने, इंजेक्शन घेणाऱ्यांचा 6.1 महिने. त्यानंतर 2023 मध्ये राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचण्याच्या चाचणीचा निकाल छापला. हे भूल देण्याचं साधं औषध टोचलेल्यांपैकी पाच वर्षांनंतर 90.1 टक्के स्त्रिया जिवंत होत्या, न टोचलेल्यांपैकी 86.4 टक्के. चाचणीत जवळपास 1,600 स्त्रिया होत्या. दोन्ही चाचण्या जुन्या, स्वस्त औषधांच्याच. फरक एवढाच की तिथं नेहमी देता येणारी मात्रा वापरली होती आणि उत्तर काहीही आलं तरी ते छापायची तयारी होती.

अमिलोराइडची अशी चाचणी घ्यायची झाली तर आधी एक छोटं काम करावं लागेल: दुसऱ्या कारणासाठी ही गोळी घेणाऱ्या मायलोमा रुग्णांच्या अस्थिमज्जेत ते किती पोचतं, हे मोजायचं. पातळी कृतीला लागणाऱ्या पातळीच्या आसपासही नसेल, तर मोठ्या चाचणीवर खर्च करण्यात अर्थ नाही आणि तसं स्पष्ट सांगून विषय मिटवावा. मला तीच शक्यता जास्त वाटते.

तोवर वाचकांपैकी ज्यांच्या घरात मायलोमाचा रुग्ण आहे त्यांनी एवढं करावं. रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी कुठलीही लघवीची गोळी चालू असेल, तर तिचं पाकीट पुढच्या भेटीत रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा, आणि क्रिएटिनिन, पोटॅशियम, कॅल्शियम या तीन तपासण्या शेवटच्या कधी झाल्या ते विचारा. अमिलोराइड कुणाच्या सांगण्यावरून नव्यानं सुरू करू नका आणि हृदयासाठी दिलेलं असेल तर मनानं बंदही करू नका. मायलोमावरचा उपचार म्हणून त्याला आजवर मान्यता नाही.